बारा वाजून दहा मिनिटांची पट्टी

३१ मार्च. वर्षभरात स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर गेलेली माणसे एकतीस. जखमेत किंवा पोटात पू झालेली अकरा. घरी परतलेली सत्तावीस. न परतलेली चार.

हे आकडे रुग्णालयाच्या संसर्ग समितीने स्वतः काढले आहेत आणि ते खरे आहेत. आकड्यांखाली समितीने एक तक्ता जोडला. त्याचे शीर्षक ‘संसर्गाच्या धोक्याचे घटक’. वय, वजन, मधुमेह, धूम्रपान, कावीळ, रक्तातील प्रथिनांची कमतरता, पित्तनलिकेत आधी बसवलेली नळी आणि स्वादुपिंडाचा मऊपणा. एकूण आठ घटक, आणि आठही रुग्णाच्या कातडीच्या आत. वाचणाऱ्याची समजूत अशी व्हावी की ही अकरा माणसे आपापला पू घरूनच डब्यात भरून घेऊन आली होती. पित्तनलिकेत नळी घेऊन कुणी जन्माला येत नाही, ती रुग्णालयच बसवते. शस्त्रक्रियेची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली आणि तोवर कावीळ थांबायला तयार नसली म्हणजे बसवते. नळीवरून आतड्यातले जंतू वर चढतात. पण तक्त्यात नळी रुग्णाच्या नावावर होती, तारीख कुणाच्याच नावावर नव्हती. त्या आठ घटकांपैकी एकही घटक पगार घेत नव्हता.

तक्त्यात पुढे नववी ओळ आली. ती मागितली होती एका सिस्टरने. तिने मागितली एक आणि आली भलतीच. या मजकुराचा विषय ती सिस्टर आहे.

थिएटरात तिला घड्याळबाई म्हणत. त्या वर्षी वय छप्पन्न, नोकरी सत्तावीस वर्षांची. काम फिरत्या सिस्टरचे. निर्जंतुक गाऊन घालून टेबलाशी उभी राहते ती सिस्टर वेगळी. हिने कडेने फिरायचे, पाकिटे फोडून द्यायची, रक्ताने भिजलेली गॉजची फडकी मोजायची, फोन घ्यायचा आणि वेळ सांगायची. मोठ्या शस्त्रक्रियेत दहा-बारा हात गुंतलेले असतात आणि घड्याळाकडे मान वळवायला एकालाही सवड नसते. ज्या कामाला मान नाही ते काम, ज्याला मान नाही त्याच्याकडे आपसूक सरकत जाते. तसे घड्याळ तिच्याकडे आले होते.

घड्याळाचे कारण सांगायला एक परिच्छेद पुरेल. कातडी कापण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस शिरेतून देतात. त्याचा जोर रक्तात काही तासच टिकतो. शस्त्रक्रिया लांबली, रक्त जास्त गेले, की तो विरत जातो, आणि नेमक्या त्याच वेळी पोट उघडे असते. म्हणून तिथे वापरात असलेल्या औषधाचा दुसरा डोस चार तासांनी द्यायचा, असा लेखी नियम होता. नियम इतका सोपा आहे की तो मोडायला उच्चशिक्षित माणसेच लागतात.

घड्याळबाईची एक सवय होती. पहिला डोस गेला की ती कागदी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा फाडी, त्यावर दुसऱ्या डोसची वेळ लिही आणि तो गळ्यातल्या ओळखपत्राच्या पाठीवर चिकटवी. डोस गेला की पट्टी काढून कचऱ्यात टाकी. ही युक्ती तिला थिएटरच्या जुन्या इन्चार्जबाईंनी शिकवली होती. “डोक्यात ठेवलेली वेळ डोक्याबरोबर जेवायला जाते,” असे त्या म्हणत. घरी दाराशेजारच्या खुंटीला ओळखपत्र टांगले की तिचा नवरा ते उलटे करून पाही. तो एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, आता निवृत्त. पाठ कोरी दिसली की म्हणे, “चला, आज सगळं वेळेवर. माझं जेवण सोडून.”

विभागाचे प्रमुख सर्जन म्हणजे मोठे सर. त्यांचे हात खरोखर चांगले होते. हे मान्य केल्याशिवाय त्यांच्याविषयी दुसरे काही बोलणे अन्यायाचे होईल. या शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके, पित्तनलिकेचा भाग आणि आतड्याचा तुकडा काढून टाकायचा आणि मग उरलेले सगळे पुन्हा जोडायचे असते. त्यातली स्वादुपिंडाची जोडणी सर्वांत अवघड. ते मऊ असले तर ओल्या साबणाला टाके घालण्यासारखे काम होते, आणि जोड गळला तर पाचक रस पोटातच पसरतो. मोठे सर ते काम करताना पाहणे ही शिकाऊ डॉक्टरांसाठी पर्वणी असे. दुर्दैवाने हे मोठ्या सरांनाही कळले होते.

एकदा कुठल्याशा परिषदेहून ते एक नवी कल्पना घेऊन आले. जोडणी सुरू झाली की थिएटरात संपूर्ण शांतता. कुणी बोलायचे नाही, फोन घ्यायचा नाही, दार उघडायचे नाही. एकाग्रतेसाठी शांतता हवी यात गैर काही नाही. पण बोलायचे नाही म्हटल्यावर विचारायचेही नाही, आणि विचारायचे नाही तर विचारण्याच्या ज्या गोष्टी आहेत त्यांचे काय? यावर विभागाने तोडगा काढला. शांततेच्या आधी सुरक्षिततेची यादी मोठ्याने वाचायची आणि तिच्यातल्या सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा करून टाकायच्या. फडकी मोजली, बरोबर. रक्त तयार, बरोबर. दुसरा डोस दिला, बरोबर. डोसची वेळ अजून तास-अर्ध्या तासाने यायची असे. तरी खूण झालेली असे. जे घडलेले नाही ते घडले असे लिहून ठेवायचे, म्हणजे ते घडले का हे कुणाला विचारावे लागणार नाही. सात महिने हे चालले. बहुतेक दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवण राही आणि ते वेळेवर औषध सोडत. जिचा आधार ‘बहुतेक दिवशी’ एवढाच आहे अशा व्यवस्थेला त्या इमारतीत शिस्त म्हणत.

घड्याळबाईने एकदा हरकत घेतली होती. “सर, दिल्यावर खूण करू या. आधी कशाला?”

“सिस्टर,” मोठे सर म्हणाले होते, “तुम्हाला माझ्या लोकांवर विश्वास नाही का?”

“लोकांवर आहे, सर. खुणेवर नाही.”

शिकाऊ डॉक्टर हसले. मोठे सरही हसले. हसण्यावारी गेलेली हरकत कागदावर येत नाही, तशी हीही आली नाही.

१२ जानेवारीला टेबलावर आला तो माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा होता. वय चौपन्न, अंगाने भारदस्त, मधुमेह अकरा वर्षांचा. नोव्हेंबरात डोळे पिवळे झाले, स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ सापडली, तारीख मिळाली आठ आठवड्यांनंतरची. म्हणून नळी बसवली. नळीने कावीळ उतरली आणि दोनदा थंडी वाजून ताप आला. दोन्ही वेळा त्याला गोळ्या देऊन घरी पाठवले.

थिएटरच्या बाहेरच्या खोलीत घड्याळबाई त्याचे नाव आणि मनगटावरची नावाची पट्टी तपासत असताना तो छताकडे पाहत म्हणाला, “सिस्टर, तुमची लिफ्ट खडखडते. तिसऱ्या मजल्यावर दचकून थांबते.”

“तुम्ही बरे व्हा, मग नीट करून द्या.”

“करतो की. लोकांना वाटतं दोर तुटला की लिफ्ट खाली. तसं नसतं. खाली वेग वाढला की ब्रेक आपोआप रुळाला चावतो. तो कुणाला विचारत बसत नाही, साहेब लावू का म्हणून.” मग त्याने विचारले, “तुमच्याकडे आहे ना तसलं काही?”

“आहे,” ती म्हणाली. ओळखपत्राची पाठ उलटी करून दाखवली. “ही बघा जागा. इथं वेळ लिहिते मी.”

“झालं तर,” तो म्हणाला.

पहिला डोस आठ वाजून दहा मिनिटांनी गेला. पट्टीवर तिने लिहिले, बारा-दहा. गाठ शिरेला चिकटलेली होती. ती सोडवताना रक्त बरेच गेले, दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. साडेअकराला यादी वाचली गेली, खुणा झाल्या, आणि शांतता सुरू झाली. पावणेबाराला भूल देणारे पहिले डॉक्टर जेवायला गेले आणि दुसरे त्यांच्या जागी आले; जेवणाला दाराचा नियम लागू नव्हता. एरवी जाणारा येणाऱ्याला सगळे तोंडी सांगतो. तिथे शांतता होती, म्हणून दोन सुशिक्षित प्रौढांनी एका उघड्या पोटाच्या माणसाची जबाबदारी खुणांनी एकमेकांच्या हवाली केली. एकाने मॉनिटरकडे बोट केले, रक्ताच्या पिशवीकडे केले, यादीकडे केले. दुसऱ्याने यादी पाहिली. दुसरा डोस दिला, बरोबर. त्याने अंगठा वर केला.

बारा-दहाला घड्याळबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि ओळखपत्र उलटे धरले. त्याने यादीतल्या खुणेवर बोट ठेवले. तिने मान हलवली. त्याने पुन्हा खुणेवर बोट ठेवले, या वेळी जरा जोरात. तिने तोंड उघडले.

“कोण हललं तिकडे?” मोठ्या सरांनी मान वर न करता विचारले. शांततेत बोलण्याचा अधिकार एकट्या त्यांना होता.

तिने तोंड मिटले.

इथे तिलाही सूट देता येणार नाही. तिला माहीत होते. औषध कपाटात होते, वेळ तिच्या गळ्यात होती, आणि जे सांगायचे ते चार शब्दांचे होते. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. स्वादुपिंड मऊ होते, पहिली जोडणी सरांना पसंत पडली नाही, ती उसवून पुन्हा केली. शांतता दोन वाजायला दहा मिनिटे असताना संपली. बारा-दहापासून एक तास चाळीस मिनिटे ती उभी होती.

“सर, दुसरा डोस गेलेला नाही.”

“यादीत काय आहे?”

“खूण आहे,” दुसरे भूलतज्ज्ञ म्हणाले.

“मग गेला.”

“खूण साडेअकराला झाली, सर. डोस बारा-दहाचा होता. औषधाची बाटली अजून कपाटात आहे, मोजून बघा.”

“आणि गेला असेल तर? दोनदा द्यायचा? याची मूत्रपिंडं मग तुम्ही सांभाळणार का, सिस्टर?” शिकाऊ डॉक्टर पुन्हा हसले, त्यांना हसण्याची सवय लागली होती. “पोट बंद करू या.”

कपाटाशी जाऊन बाटल्या मोजायला अर्धे मिनिट लागले असते. पण मोजले असते तर कळले असते. पोट बंद झाले.

चौथ्या दिवशी त्याला ताप आला. सहाव्या दिवशी टाक्यांमधून पू आला. मग पोटात निचऱ्यासाठी ठेवलेल्या नळीतून गढूळ पाणी, मग थंडी, मग धाप. ३१ जानेवारीला, एकोणिसाव्या दिवशी, तो गेला. त्या मधल्या दिवसांत ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला तो म्हणाला होता की तुमच्या लिफ्टचा आवाज इथपर्यंत येतो, कुणीतरी तेल तरी घाला.

बायकोने कागद मागितले. रुग्णालयाने तिला सारांश दिला आणि सोबत तो छापील तक्ता. तिच्या नवऱ्याला लागू असलेल्या ओळींखाली कुणीतरी पेनने रेघा ओढल्या होत्या. वजन, मधुमेह, कावीळ, नळी, मऊपणा. मधुमेहाखाली रेघ दोनदा होती. बहुधा पेन नीट चालत नव्हते. पण जिच्या घरी तो कागद गेला तिने त्या दोन रेघांचा अर्थ लावला.

एप्रिलच्या सुरुवातीला ती एका सहीसाठी पुन्हा रुग्णालयात आली. सोबत नणंद होती, मेलेल्या माणसाची थोरली बहीण. नोंदणीच्या खिडकीसमोरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या आणि घड्याळबाई तिथून जात होती.

“वाच ना, वाच परत,” नणंद म्हणत होती. “दोनदा रेघ मारलीय डॉक्टरांनी. उगाच मारतात का? मी बोंबलून सांगत होते, त्याला गोड देऊ नकोस. पण राणीसरकारांना नवऱ्याचे लाड करायचे होते.”

“ताई, सकाळचा एक कप चहा. तोही अर्धा चमचा.”

“अर्धा! तो असता तर त्यानं सांगितलं असतं किती चमचे ते.”

बायकोने घड्याळबाईला ओळखले. शस्त्रक्रियेच्या दिवशी दाराशी तिनेच नाव विचारले होते. ती उठली. “सिस्टर, एक विचारू? तुम्ही आत होतात ना? मला एवढंच सांगा. मी दिलेल्या चहानं गेले का हे?”

नणंदेने मान दुसरीकडे वळवली, पण कान तिथेच होते.

घड्याळबाई म्हणाली, “विचारून सांगते, वहिनी.”

सत्तावीस वर्षे नोकरी केलेल्या बाईने, स्वतःला पुरते ठाऊक असलेल्या गोष्टीविषयी, विचारून सांगते म्हटले. वरिष्ठांची गरज नसलेल्या ठिकाणीही वरिष्ठ शोधण्याची ही सवय त्या इमारतीत शिकवावी लागत नाही. ती तिथल्या हवेतूनच लागते, आणि संसर्ग समितीने तिची नोंद कधी केलेली नाही.

घरी ती जेवली नाही. नवऱ्याने विचारले तेव्हा तिने बाकावरचे सगळे सांगितले. तो उठला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचे दार उघडून आतली बाजू तिला दाखवली. तिथे पट्टी चिकटवलेली होती. बारा-दहा.

“ही इथं कशी?”

“जानेवारीत तुझ्या ओळखपत्राच्या पाठीवर होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तू काही बोलली नाहीस, मी विचारलं नाही. टाकवली मात्र नाही.”

“पाहून गप्प बसलात?”

“तुझ्याच शाळेत शिकलो,” तो म्हणाला. “त्या बाईला काय सांगणार आहेस?”

“समितीनं सांगायला हवं. मी सांगून काय होतं? मी फिरती सिस्टर.”

“मग समितीला सांग.”

समिती दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी भरे. लांब टेबल, चहा, बिस्किटे, पडदे ओढलेले. अध्यक्षपदी मोठे सरच, कारण या विषयाचा अनुभव त्यांना सर्वांत जास्त होता. अकरा रुग्णांचा अनुभव होता. घड्याळबाईला पाच मिनिटे मिळाली. ती उभीच राहिली, कारण बसा असे कुणी म्हटले नाही.

“सर, या तक्त्यात एक ओळ वाढवायला पाहिजे. दुसरा डोस वेळेवर दिला की नाही.”

“तक्त्यात रुग्णाचे घटक असतात, सिस्टर.”

“मग आपले घटक कुठे असतात?”

कुणीतरी बिस्किटाची बशी पुढे सरकवली.

“आपले म्हणजे?” दफ्तर सांभाळणारे कारकून म्हणाले. “त्याला रकाना नाही.”

“तेच म्हणतेय. आठ आठवडे थांबायला लावलं म्हणून नळी बसवावी लागली. नळीनं दोनदा ताप आला, तेव्हाच पित्त जंतूंनी खराब झालेलं असणार. तरी पित्ताचा नमुना तपासायला पाठवला नाही, औषध नेहमीचंच दिलं. सहा तास पोट उघडं, दोन पिशव्या रक्त, आणि दुसरा डोस नाही. यातलं एकही त्या माणसानं केलेलं नाही, सर.”

“डोस दिला नाही याला पुरावा?”

तिने पाकिटातून पट्टी काढून टेबलावर ठेवली. कपाटाच्या दाराचा पिवळा रंग तिच्या कडेला थोडा लागला होता. टेबलावरून ती हातोहात फिरली. जेवायला गेलेल्या भूलतज्ज्ञांनी ती उजेडात धरून पाहिली, जणू आत काही लपवले असावे.

“ही कागदी पट्टी?” मोठे सर म्हणाले. “आमच्याकडे सहीशिक्क्याची यादी आहे आणि तुमच्याकडे ही. कुठे होती इतके दिवस?”

“स्वयंपाकघरातल्या कपाटावर.”

या वेळी हसण्यासाठी शिकाऊ डॉक्टरांची गरज पडली नाही. हशा ओसरल्यावर सर समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे बघा, त्याला मधुमेह होता की नाही? वजन होतं की नाही? स्वादुपिंड मऊ होतं की नाही? मी माझ्या हातांनी शिवलंय ते. मग एका डोसावर खापर फोडून काय मिळणार?”

“होतं ना, सर, सगळं होतं. मी ते काढून टाका म्हणत नाही. हेही लिहा म्हणतेय. आणि त्यांच्या बायकोला पत्रात एक वाक्य कळवा. दुसरा डोस देण्यात आला नव्हता, एवढंच. ती घरी बसून स्वतःला खुनी समजतेय.”

“विचार करू,” मोठे सर म्हणाले, आणि कारकुनाने ‘विचार’ हा शब्द लिहून घेतला.

समितीने खरोखरच विचार केला. मे महिन्यात सुधारित तक्ता निघाला आणि त्यात नववी ओळ होती: ‘कुटुंबीयांकडून आहारावरील अपुरे नियंत्रण’. सिस्टरने कुटुंबाचा उल्लेख केला होता, त्याची दखल अशी घेतली गेली. तक्ता आता अधिक सर्वसमावेशक झाला, असे प्रस्तावनेत म्हटले होते. रुग्णाची कातडी अपुरी पडली म्हणून दोषासाठी त्याचे घरही त्यात सामावून घेतले. त्याच आठवड्यात घड्याळबाईची थिएटरातून कपडे-चादरींच्या कोठारात बदली झाली, तिच्या गुडघ्यांना आराम मिळावा म्हणून. गुडघ्यांविषयी तिने कुणाकडे कधी तक्रार केलेली नव्हती. थिएटरच्या दारावर ‘शांतता’ अशी पितळी पाटी बसवली.

नवा तक्ता वाचल्यावर तिने कोठाराला कुलूप लावले, किल्ली खिडकीवर दिली आणि भर दुपारी लिफ्टवाल्याच्या घराचा पत्ता शोधत गेली. चौथा मजला. इमारतीची लिफ्ट आवाज न करता वर गेली आणि न दचकता थांबली.

दार नणंदेने उघडले. खोलीत एक पलंग, एक शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेली हत्यारांची पेटी. बायको मशीनवर बसली होती. शेजारी कपात बिनसाखरेचा चहा होता आणि त्यावर साय धरली होती.

“वहिनी, विचारून सांगते म्हणाले होते. विचारलं. ते सांगणार नाहीत. म्हणून मी सांगते.” आणि तिने सांगितले. खूण, जेवायला गेलेला डॉक्टर, पट्टी, कपाटातली बाटली, सगळे क्रमाने, एकही गुळमुळीत शब्द न वापरता. शेवटी म्हणाली, “चहानं गेले असं कुणी सांगू शकत नाही. डोस नव्हता म्हणून गेले असं मीही छातीठोक सांगू शकत नाही. शुगर होती, ती वाईटच. नळी होती. सगळं मिळून झालं. पण त्यांच्या नव्या कागदात तुमचा चहा आहे आणि आमचा डोस नाही. तो कागद खोटा आहे.”

नणंद उभी होती ती पलंगावर बसली.

बायकोने मशीनचे चाक हाताने धरून थांबवले. “तुम्ही तिथं होतात.”

“होते.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“शांतता होती.”

“शांतता,” बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. “कुणी लिफ्टमधे अडकलं ना, की हे बाहेर उभं राहून बोलत राहायचे. आतले लोक शिव्या घालायचे, तरी बोलत राहायचे. काय वाट्टेल ते, जेवलात का, पोरं किती. मी म्हणायचे, अहो, गप काम करा ना. तर म्हणायचे, अगं, बाहेर कुणी बोलतंय एवढं ऐकू आलं तरी माणूस तग धरतो.” तिने घड्याळबाईकडे पाहिले. “तुमच्याकडे दहा जण होते म्हणता. दहा जणांत एकाला तोंड नव्हतं?”

“मला होतं, वहिनी,” घड्याळबाई म्हणाली. एवढे तिच्या बाजूने नोंदवता येईल.

“लिहून द्याल?” बायकोने विचारले.

“देते.”

शिलाईच्या मापांची वही होती. तिच्यातले एक पान फाडून घड्याळबाईने पलंगाच्या कडेवर ठेवून लिहिले: १२ जानेवारीला बारा वाजून दहा मिनिटांनी द्यायचा दुसरा डोस देण्यात आला नाही, मला ते ठाऊक होते आणि मी वेळेवर बोलले नाही. खाली सही, हुद्दा, तारीख. आपला दोष लिहायला तिला अर्धी ओळ लागली. समितीच्या अहवालाच्या बावीस पानांत तेवढी जागा निघाली नव्हती. समितीच्या टेबलावरून परत उचललेली पट्टी पाकिटातून काढून तिने सहीशेजारी लावली. चिकटपणा संपला होता, म्हणून बायकोने तिला मशीनवर एक टाका मारला.

कुणी चहा विचारला नाही. ती निघाली तेव्हा नणंद दारापर्यंत आली आणि दार लोटू लागली. मात्र दार लागण्याआधी आतून तिचा आवाज आला. “हा चहा गार झालाय, दुसरा टाकते,” ती भावजयीला म्हणाली. “साखर किती?”

बायकोचे उत्तर घड्याळबाईला ऐकू आले नाही.

ते पान बायकोने अर्जासोबत रुग्णालयाला पाठवले. पोच मिळाली. त्यानंतर दोन वर्षांत समितीच्या तेवीस बैठका झाल्या. तक्त्यात नऊ ओळी आहेत आणि दारावरची पाटी दर सोमवारी पुसली जाते. घड्याळबाई कोठारातूनच निवृत्त झाली. घरच्या खुंटीला आता ओळखपत्र नाही.

रुग्णालयाकडून त्या बाईला एक वाक्य येणे आहे. ते आलेले नाही.